टोपड्याला लागलेली कसर

वाफबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. इस्पितळातल्या कपडे आणि अवजारं निर्जंतुक करण्याच्या खोलीत त्यांनी उभी हयात काढली. कात्र्या, सुया, चादरी, डॉक्टरांचे डगले, सगळं त्यांच्या हाताखालून उकळून, वाफवून बाहेर पडायचं. तिथेच कुणीतरी त्यांना वाफबाई म्हणालं आणि ते नाव पाठोपाठ घरापर्यंत आलं. निवृत्त होताना काय हवं विचारलं, तर त्यांनी आपला रोजचा चिमटा मागून घेतला. हातभर लांबीचा, स्टीलचा, टोकाला दाते असलेला. स्वयंपाकघरात तो खिडकीजवळच्या खिळ्याला लटकायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

"कढ आला की संशय गेला," असं त्या म्हणायच्या. बाटली असो, चमचा असो, माणूस असो. मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही म्हणाल्या होत्या, "पोरीला कढ येऊ दे एकदा. मग कळेल काय ते."

पोर घरात आली आणि त्यांची तिची गट्टी जमली. दोघींचं काम एकमेकींच्या उलट. सासूने जन्मभर जंतू मारले आणि सून जंतू वाढवायच्या कारखान्यात नोकरीला.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम वाढवता त्यांना?"

"हो आई. गरम पाण्याच्या झऱ्यातले आहेत. त्यांच्यापासून एक पूड निघते, ती जनावराच्या कातड्यावरचे केस काढते. मग चुना नको, ती घाण नको."

"आणि काम झालं की उकळून टाकता ना?"

"हे नाही मरत उकळून. उकळत्या पाण्यातच सुखी असतात."

"चल! उकळत्या पाण्यात सुखी फक्त बटाटा."

सून हसली. तेव्हा तिला सातवा महिना होता, पाय सुजलेले, आणि पुढचं समजावून सांगायचा कंटाळा आला. पूड वेगळी आणि जंतू वेगळे, हे राहून गेलं. जंतू तर कारखान्यातच गाळून टाकतात. मागे उरतं ते एन्झाइम. त्याला जीव नसतो, म्हणून त्याला मरणही नसतं. नेहमीची एन्झाइमं उष्णतेने मोडून पडतात, हे उकळूनही तसंच्या तसं राहतं. त्यालाच तर गिऱ्हाईक पैसे मोजतं. पण घरात शब्द रुळला तो जंतूच. "जंतूंकडे निघालीस? डबा घेतलास?" असं वाफबाई रोज दारातून ओरडायच्या.

सुनेचं काम तपासणीचं. नव्या मालाचा नमुना पाण्यात कालवायचा, नळीत पांढऱ्या लोकरीचा धागा सोडायचा आणि नळी कढत पाण्यात उभी करायची. लोकर म्हणजेही केसच. माल चांगला असेल तर धागा आधी फुगतो, मग बुळबुळीत होतो, मग जागच्या जागी विरघळत जातो. त्याला सगळे म्हणायचे, धागा सुटला. लवकर सुटला की थोरले साहेब खूश. त्यांना थोरले म्हणत, कारण धाकटे साहेब म्हणजे मालकाचा मुलगा, आणि तो फक्त फोनवर असायचा.

चिंगी जन्मली आणि वाफबाईंना पुन्हा खोली सांभाळायला मिळाल्यासारखं झालं. मोठं पातेलं माळ्यावरून खाली आलं. लंगोट, झबली, दुपटी, सगळं धुऊन झालं की शेवटी एक कढ. त्यांनी स्वतः विणलेलं पांढऱ्या लोकरीचं टोपडं तेवढं उकळायचं नाही. गॅस बंद करून, पाणी हाताला सोसेल इतकं निवलं की त्यात बुडवून ठेवायचं. लोकरीला कढ सोसत नाही, ती आक्रसते. चिंगीला जावळ भरपूर. टोपडं घातलं की कडेने काळ्या बटा बाहेर यायच्या आणि वाफबाई बोटाने त्या आत सारत म्हणायच्या, "वाफेच्या खोलीत टोपीबाहेर केस चालत नाहीत, बाईसाहेब."

सून कामावर परतली तेव्हा कारखान्यात एक बदल झाला होता. पूर्वी अंगावरचे कोट तिथेच धुवायला जायचे, ते बंद झालं होतं.

"घरी न्या, घरी धुवा," थोरले साहेब म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"पण साहेब, पूड उडते. सुकवण्याच्या खोलीतून आलं की बाह्या पांढऱ्या असतात."

"आपला माल मेलेल्या कातड्याला लागतो मॅडम. जिवंत माणसाला काही होत नसतं. मी पंधरा वर्षं श्वास घेतोय की इथे." आणि ते खोकले. ते नेहमीच खोकायचे.

तिने कोट पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि घरी आल्याबरोबर सांगितलं, "आई, हा वेगळा धुवायचा हं. चिंगीच्या कपड्यांत नको."

"मला शिकवतेस? संसर्गाचा कपडा कसा हाताळायचा, हे मी शिकाऊ नर्सांना शिकवलंय."

त्यांनी शब्द तंतोतंत पाळला. संसर्गाचा कपडा आधी उकळायचा, मग त्याला हात लावायचा, ही त्यांच्या खोलीची शिस्त. सून सकाळी गेली की आदल्या दिवशीचा कोट चिमट्याने उचलून एकटाच पातेल्यात जायचा. चांगला खळखळून कढ. मग चिमट्यानेच बाहेर, वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने. वेगळं म्हणजे वेगळं. त्यानंतर त्याच पातेल्यात चिंगीचे कपडे शेवटच्या कढाला. पाणी तेच. उकळत्या पाण्यात काय राहतंय? इस्पितळातही मोठ्या भांड्यातलं पाणी कुणी रोज फेकत नसे. कमी झालं की वरून भर घालायची. "धुतल्या तांदळासारखं पाणी," त्या म्हणायच्या, "ते मोरीत ओतायचं म्हणजे पाप." रोज एक कोट, रोज थोडी भर, आणि पाणी आटत आटत दाट होत चाललेलं.

आधी चिंगीच्या मांड्या लाल झाल्या. लंगोटाने होतं तसं. मग मानेच्या वळ्या, मग काखा. लाली साधी नव्हती. वरचं पापुद्र्यासारखं निघून जायचं आणि खालचं ओलं दिसायचं. आंघोळ घालताना ती किंचाळायची आणि वाफबाई अंगाईऐवजी इस्पितळातल्या डॉक्टरांच्या नकला करायच्या. त्यांच्या स्वतःच्या बोटांची टोकं गुळगुळीत होऊन चिरली होती. "धुण्याच्या सोड्याने होतं," म्हणत त्या तेल लावायच्या.

मुलांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि वर सांगितलं, "कपडे उकळून घेत जा."

वाफबाईंनी मुलाकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू पदक मिळालं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात अडकलेला. तो म्हणाला, "आता आई आपल्यालाही उकळणार." त्या दिवसापासून कपडे दोनदा उकळू लागले.

"अंगात कसर आहे गं हिच्या," एका सकाळी वाफबाई चिंगीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. ताप म्हणावा असा नाही, पण अंग कोमट. त्याच दिवशी त्यांनी टोपडं उजेडात धरलं. "आणि याला पण कसर लागली बघ. एवढी डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली लोकर, मेली कुठून शिरली कोण जाणे."

"सगळीकडे कसरच," सून म्हणाली. घाईत होती. टोपड्याकडे तिने पाहिलं नाही.

ताप चढला तेव्हा इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे तिथलेच कपडे, सुती, ढगळे. चिंगीची कातडी आठवड्यात सावरली, डोळे मोठे झाले, तिने परिचारिकेचा चष्मा ओढला. घरी आली आणि पुन्हा तेच. यावेळी डोक्यावर. टोपड्याखाली जावळ झुपक्याने निघालं आणि तिथे गुलाबी, चमकदार गोल उरला.

वाफबाई एरवी बोलायच्या नाहीत असं बोलल्या. "इस्पितळात बरी होते, घरी बिघडते. घरात काय आहे? मी तर सगळं उकळते. न उकळलेलं एकच जातंय तिच्या पोटात."

सून चिंगीला पाजायला घेत होती, ती थांबली.

"दिवसभर त्या जंतूंत असतेस आणि आल्या आल्या छातीशी घेतेस. मी काही वाईट म्हणत नाही गं. पण माझ्या खोलीत असं कुणी केलं असतं तर मी दारातून आत घेतलं नसतं."

"दूध बाधतंय म्हणता?"

"मी म्हणत नाही. लेकरू म्हणतंय."

तिला ते पटलं, हे सर्वांत वाईट. तिने अंगावरचं तोडलं. बाटली आली, बाटली उकळायला वाफबाई होत्याच, पण ती छोट्या भांड्यात, ताज्या पाण्यात, देवाची कृपा. सून कामावरून आली की नळ सोडून मोरीत उभी राहायची आणि दूध पिळून टाकायची. पाण्याबरोबर पांढरं फिरत फिरत जाळीतून जायचं. भिंतीपलीकडे चिंगी रडायची आणि ते रडणं ऐकून दूध आणखी यायचं. नवरा दाराशी येऊन उभा राहायचा, परत जायचा. चिंगीला ती आता मांडीवर घ्यायची तीही टॉवेल मध्ये घालून, उसनं आणलेलं मूल असावं तशी.

तरी चिंगी बिघडतच गेली.

सुट्टीचा दिवस होता. वाफबाई औषध आणायला गेल्या होत्या. चिंगीने टोपड्यावर दूध ओकलं म्हणून सुनेने ते नळाखाली धरलं, हलकेच दाबलं, आणि ते तिच्या हातात राहिलं नाही. फाटलं म्हणावं तर फाटण्याचा आवाज नाही, ओढ नाही. धागे फुगलेले, बुळबुळीत, बोटांतून साईसारखे सरकले.

कसर भोक पाडते. कुरतडते, कडा तुटक असतात. हे कुरतडलेलं नव्हतं. ही अशी लोकर ती रोज पाहत होती, नळीत, कढत पाण्यात, आणि हसतमुखाने सांगत होती, साहेब, धागा सुटला.

ती नळ बंद न करताच पातेल्यापाशी गेली. झाकण काढलं. पाणी किंचित गढूळ, वर फेसाची कड. कोट खुंटीवर नव्हता, पिशवीत नव्हता; धुतलेला, इस्त्री केलेला, कपाटात घडी करून ठेवलेला होता. तिने कोटाची घडी पाहिली, मग खिळ्यावरचा चिमटा पाहिला, आणि हा कोट कसा धुतला जातो हे आजवर आपण एकदाही विचारलं नाही, हे तिला कळलं. तिने चिंगीची बाटली रिकामी केली आणि त्या पाण्याने भरून घेतली. कपाटातले सगळे लहान कपडे तिने उपसून गाठोड्यात बांधले आणि चिंगीला नवऱ्याच्या जुन्या सुती सदऱ्यात गुंडाळलं. वाफबाई आल्यावर सांगितलं, "आज आणि उद्या हिला हेच. काही उकळू नका."

"का? काय झालं?"

"उद्या सांगते. एकदा खात्री करू दे."

"माझ्या कपड्यांची खात्री?" वाफबाईंचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तिने बाटलीतलं पाणी एका नळीत ओतलं, दुसरीत नळाचं साधं पाणी. दोन्हींत धागा. दोन्ही कढत पाण्यात. साध्या पाण्यातला धागा धागाच राहिला. दुसरा चहाचे कप येईपर्यंत सुटला.

थोरले साहेब तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "वा! कुठला माल हा?"

"जुना आहे साहेब. रोज उकळलेला. कितीतरी दिवस."

"रोज उकळून? आणि तरी एवढा?" त्यांचे डोळे लुकलुकले. "अहो मॅडम, हे गिऱ्हाइकाला दाखवायला हवं! याला म्हणतात चिवट. कुठे ठेवला होता?"

"आमच्या घरी. पातेल्यात. मुलीचे कपडे उकळायच्या."

साहेबांचा चहा तोंडापाशी थांबला. ते खोकले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "हे इथे कुणाला बोललात का?"

ती नळ्या तशाच सोडून बाहेर आली. घरी फोन लावत होती तोच नवऱ्याचा आला. चिंगी फणफणली होती, डोळे उघडत नव्हती, तो तिला घेऊन इस्पितळाकडे निघाला होता. "आई घरीच आहे. चिंगीसाठी स्वच्छ कपडे घेऊन मागून येते म्हणाली."

ती आधी घरी धावली. स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं. वाफबाईंनी गाठोडं सोडलं होतं. झबली पातेल्यात खळखळत होती आणि त्या चिमट्याने एकेक वर काढून निथळत होत्या.

सुनेने गॅस बंद केला. "आई, पुरे. यातलं काही न्यायचं नाही."

"अगं, सदऱ्यात नेलंय त्याने लेकराला. तिथले कपडे कुणी कसे धुतलेत..."

"यातच आहे ते."

"काय यात?"

खोटं बोलायला वेळ होता. कसर, असं म्हणता आलं असतं. रक्तात काहीतरी, असंही. वाफबाईंनी ते मानलं असतं. पण पातेलं उद्याही चुलीवर चढलं असतं.

"कारखान्यातली पूड. ती जंतू नाही, आई. ती मरत नाही. मी जंतू जंतू म्हणत राहिले, ते चुकीचं होतं. कोटातून ती पाण्यात उतरते आणि उकळून काही होत नाही तिला. केस खाते, लोकर खाते. कातडीही."

वाफबाई ऐकत होत्या. चिमट्यात एक झबलं लटकत होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"उकळून मरत नाही?"

"नाही."

"पण मी तर दोनदा उकळत होते."

"हो."

"आणि पाणी तेच ठेवत होते."

वाफबाईंनी झबलं पुन्हा पातेल्यात सोडलं, चिमटा ओट्यावर ठेवला आणि आपले हात उलटे करून बघितले, चिरलेली, गुळगुळीत बोटं, एकेक.

"कोट तुझा," त्या म्हणाल्या. "पाणी माझं. आणि अंग तिचं."

"आई, चला. रिक्षा थांबलीये."

"तू हो पुढे. मला तिथे नेऊ नकोस. तिथे सगळे मला ओळखतात."

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की कातडी उघडी पडली म्हणजे जंतूंना दार उघडं. ते शिरले होते, खरेखुरे जंतू, साधे, उकळून मरणारे. आधी रक्तात, मग उजव्या खुब्यात. खुब्यातून पू काढला. चिंगी कितीतरी दिवस नळ्यांना बांधलेली पडून होती आणि सून खुर्चीत बसून तिचा एकच मोकळा तळवा धरायची. दूध केव्हाच आटलं होतं. तरी तिने एकदा छातीशी धरून पाहिलं. चिंगीने तोंड फिरवलं, तिला आता बाटलीच ठाऊक होती.

कारखान्यातून थोरल्या साहेबांचा निरोप आला की कोट पुन्हा तिथेच धुतले जातील आणि मॅडमनी काळजी करू नये. ती परत गेली नाही. घर एका पगारावर ओढायचं म्हणजे काय, ते तिला दर महिन्याला कळू लागलं.

चिंगी घरी आली. डोक्यावरच्या त्या गोलात केस आले नाहीत. उजवा पाय किंचित आखूड राहील, चालेल पण लंगडेल, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले.

वाफबाईंनी पातेलं भंगारवाल्याला दिलं. स्वयंपाक करतात, झाडू मारतात, पण चिंगीला हात लावत नाहीत. बाटली मुलगा धुतो. सुनेने एकदा चिंगीला सरळ त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं, तर त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले, भाजल्यासारखे, आणि ती काढून घेईपर्यंत खाली आणले नाहीत.

"डॉक्टर म्हणाले, आता काही भीती नाही, आई. तुमच्या हातांना काही नाही लागलेलं."

"डॉक्टर उकळा पण म्हणाले होते."

आता चिंगी रांगते, एक पाय मागे ओढत. आजी बसलेली असते तिथेच तिला जायचं असतं. काल तिचा खुळखुळा घरंगळत पलंगाखाली गेला. सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिथून तिला आतलं दिसत होतं. चिंगी आजीकडे बघून रडू लागली. वाफबाईंनी सुनेला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठल्या, खिळ्यावरून चिमटा काढला, गुडघे टेकून पलंगाखालून खुळखुळा ओढला आणि हातभर अंतरावरून तिच्यासमोर धरला.

चिंगीने खुळखुळा घेतला नाही. तिने चिमट्याचं टोक दोन्ही मुठींत धरलं, हसली, आणि ओढू लागली. वाफबाई दुसरं टोक धरून तशाच बसल्या होत्या. सोडवून घेत नव्हत्या आणि जवळही सरकत नव्हत्या.